हा कोड नेमका लिहिला कोणी? सोर्स कोड चोरीच्या तपासात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

एखादा डेव्हलपर नोकरी सोडतो आणि सहा महिन्यांनी बाजारात तसंच दुसरं सॉफ्टवेअर दिसू लागतं. किंवा एका रात्री कंपनीचा सर्व्हर कोलमडतो आणि सकाळी त्यात कुणीतरी पेरून ठेवलेली स्क्रिप्ट सापडते. दोन्ही वेळा प्रश्न एकच येतो: हे लिहिलं कोणी, नेलं कोणी?

हा लेख सायबर पोलीस ठाण्यात नव्याने आलेल्या अधिकाऱ्यांसाठी आहे, अशी प्रकरणं पहिल्यांदा हातात घेणाऱ्या वकिलांसाठी आहे, आणि ज्यांना साहेब "पुरावा काढून दे" असं सांगून मोकळे होतात, त्या कंपनीतल्या आयटीवाल्यांसाठीही आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. तुम्हाला तीन वेगळे प्रश्न सोडवायचे आहेत: यंत्र कोणतं, खातं कोणाचं आणि बोटं कोणाची. अशा बहुतेक प्रकरणांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तेच तिसऱ्याचंही उत्तर मानलं जातं, आणि न्यायालयात नेमका तिथेच पाय घसरतो. पुढची प्रत्येक पायरी करताना वहीच्या समासात लिहीत चला, की हा पुरावा तीनपैकी कोणत्या प्रश्नाचा.

लागणारं साहित्य आणि कागदपत्रं

कंपनीकडून: नेमणूकपत्र आणि गोपनीयतेचा करार, लॅपटॉप दिल्या-घेतल्याची नोंद (सिरियल नंबरसह), राजीनाम्याची आणि खाती बंद केल्याची तारीख, कोड रिपॉझिटरीच्या (कोड साठवण्याच्या सामायिक जागेच्या) अ‍ॅडमिन लॉगची प्रत, व्हीपीएनचे लॉग, हजेरीच्या यंत्राची नोंद, प्रवेशद्वाराचं सीसीटीव्ही चित्रण.

तुमच्याकडे: राइट ब्लॉकर (जोडलेल्या डिस्कवर काहीही लिहू न देणारं उपकरण), मूळ डिस्कपेक्षा मोठ्या दोन रिकाम्या आणि पुसून घेतलेल्या डिस्क, इमेजिंगचं, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत घेण्याचं सॉफ्टवेअर (एफटीके इमेजर किंवा गायमेजर, दोन्ही मोफत मिळतात), फोनसाठी सिग्नल अडवणारी फॅरडे पिशवी, अँटिस्टॅटिक पिशव्या, सीलचं साहित्य, मुद्देमालाच्या हस्तांतराचा तक्ता आणि छोटा प्रिंटर. प्रिंटर कशाला, ते चौथ्या पायरीत कळेल.

## 1. आधी कलम, मग यंत्र

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 नुसार या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. उपनिरीक्षक मदत करू शकतो. पण तपास अधिकारी म्हणून जबाब, जप्ती आणि दोषारोपपत्रावर त्याचीच सही असेल, तर बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो.

सोर्स कोडचं (प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ मजकुराचं) नाव निघालं की हात आपोआप कलम 65 कडे जातो. ते कलम नीट वाचा. जो सोर्स कोड कायद्याने ठेवणं किंवा सांभाळणं आवश्यक आहे, त्याच्याविषयी ते बोलतं. खासगी कंपनीचा बिलिंगचा कोड त्यात बसतो का, यावर पहिल्याच दिवशी वाद होतो. चोरीच्या प्रकरणात जास्त नेमकं बसतं ते कलम 43 चं पोटकलम (जे), म्हणजे नुकसान करण्याच्या हेतूने सोर्स कोड चोरणं, लपवणं, नष्ट करणं किंवा बदलणं. ते कलम 66 सोबत लावायचं. कलम 66 मध्ये 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण कृती अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली हे दाखवावं लागतं. म्हणजे हेतूचा पुरावा हवाच. कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली जाते. नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक कलम 17 नुसार साधारणपणे मालक कंपनी असते, अर्थात करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणून नेमणूकपत्र फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

कलमांची जंत्री लावण्याचा मोह टाळा. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सोर्स कोड चोरीच्याच एका प्रकरणात, तेच कृत्य माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलमांत बसत असताना सोबत लावलेली भारतीय दंड संहितेची कलमं रद्द केली होती. आता भारतीय न्याय संहिता लागू असली तरी हा युक्तिवाद तुमच्यासमोर येणारच.

कृत्य घडलं तेव्हा कोणता कायदा लागू होता, हेही आधी तपासा. 2000 च्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ वर्मचा (स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमचा) माग फिलिपिन्समधल्या तरुणापर्यंत पोहोचला होता. पण तेव्हा त्या देशात असा गुन्हा ठरवणारा कायदाच नव्हता आणि ऑगस्टमध्ये आरोप मागे घ्यावे लागले.

## 2. त्याच दिवशी नोंदी गोठवा

लॅपटॉप कपाटात बंद करून ठेवला तर बहुतेक टिकतो. लॉग टिकत नाहीत. विंडोजच्या सुरक्षा लॉगचा मूळ आकार 20 एमबी ठेवलेला असतो. तो भरला की जुन्या नोंदींवर नव्या बसतात. सीसीटीव्हीचा रेकॉर्डरही तेच करतो. म्हणून छाप्याचा बेत आखण्याआधी पत्रं पाठवा.

सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि डेटा सेंटर यांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग 180 दिवस जपायचे आहेत. पत्रात या निर्देशांचा उल्लेख करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली माहिती मागवता येते आणि त्यात इलेक्ट्रॉनिक साधनांचाही स्पष्ट उल्लेख आहे.

रिपॉझिटरी परदेशी सेवेवर असेल तर दोन पत्रं वेगवेगळी पाठवा. पहिलं फक्त जतन करण्याचं. अमेरिकी कायद्यात अशी विनंती 90 दिवस टिकते आणि तेवढीच मुदत आणखी एकदा वाढवता येते. दुसरं माहिती मागणारं. खात्याची मूलभूत माहिती आणि लॉगिनचे आयपी तुलनेने लवकर मिळू शकतात, पण आतला मजकूर हवा असेल तर परस्पर कायदेशीर साहाय्याच्या मार्गाने, गृह मंत्रालयामार्फतच जावं लागतं. त्याला महिने लागतात. तोवर जतनाची मुदत संपू नये म्हणून वाढीच्या पत्राची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

हमखास होणारी चूक: आयपी पत्ता मागताना पोर्ट क्रमांक (त्या जोडणीला मिळालेला क्रमांक) न देणं. आपल्याकडच्या मोबाइल नेटवर्कवर एकाच आयपी पत्त्यामागे एका वेळी शेकडो ग्राहक असू शकतात. त्यामुळे आयपी, सोर्स पोर्ट, आणि सेकंदापर्यंत वेळ (कोणत्या टाइमझोनमधली, हे लिहून) अशा तिन्ही गोष्टी हव्यात. सर्व्हर पोर्टची नोंदच ठेवत नसेल, तर कंपनीच्या आयटीवाल्यांना ती सोय आजच सुरू करायला सांगा. या प्रकरणात नाही, तरी पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

## 3. जागेवर: पंचनामा आणि चालू असलेलं यंत्र

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं आहे. त्यात जप्तीची यादी करणं आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या घेणं हेही आलं. मुद्रण विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. पोलिसांचं पुरावा नोंदवण्याचं ई-साक्ष्य अ‍ॅप वापरणार असाल तर दारात उभं राहण्याआधी फोनची बॅटरी, जागा आणि नेटवर्क बघून घ्या.

पंच निवडताना संगणकाची जुजबी ओळख असलेली माणसं घ्या. उलटतपासणीत "हॅश म्हणजे काय" असं विचारल्यावर पंचाने "साहेबांनी सही करायला सांगितली" असं उत्तर दिलं, की चांगल्या जप्तीचाही जीव जातो. पंचाने तज्ज्ञ असावं अशी अपेक्षा नाही. समोर काय घडलं, एवढं त्याला आपल्या शब्दांत सांगता यावं.

यंत्र बंद असेल तर सुरू करू नका. ते चालू असेल तर लगेच वायर ओढू नका. आधी पडद्याचा फोटो घ्या, मग डिस्क एन्क्रिप्टेड आहे का ते पाहा. बिटलॉकर किंवा तत्सम कुलूप असेल आणि ते आत्ता उघडं असेल, तर बंद केल्यावर ते पुन्हा उघडेलच याची खात्री नाही. अशा वेळी रॅमची (चालू मेमरीची) प्रत आणि उघड्या डिस्कची लॉजिकल, म्हणजे दिसणाऱ्या फाइलींची प्रत तिथेच घ्या. यामुळे यंत्रात थोडे बदल होतातच; कोणतं साधन, किती वाजता आणि का चालवलं, हे पंचनाम्यात लिहा. लिहिलेला बदल समजावून सांगता येतो. न लिहिलेल्या बदलावर मात्र छेडछाडीचा शिक्का बसतो.

आरोपीने पासवर्ड दिला तर तो स्वेच्छेने, कोणासमोर आणि किती वाजता दिला, हे नोंदवा. दिला नाही तर जबरदस्ती करू नका. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 20(3) मध्ये आहे.

कंपनीवाल्यांसाठी एक कळकळीची विनंती. संशय आला की माणसाचा जुना लॅपटॉप "जरा बघतो" म्हणून उघडू नका, आणि फॉरमॅट करून नव्या माणसाला तर मुळीच देऊ नका. प्रकरणं पोलिसांपर्यंत येण्याआधीच मरतात ती इथे. उघडलाच असेल तर कोणी, कधी उघडला आणि काय पाहिलं हे जबाबात खरं सांगा.

## 4. इमेज आणि हॅश

मूळ डिस्कवर कधीही तपासणी करायची नाही. राइट ब्लॉकर लावून तिची बिट-बाय-बिट प्रत म्हणजे इमेज घ्यायची, आणि तपासणी त्या इमेजच्या प्रतीवर करायची.

वेळेचा हिशोब आधीच करा. सेकंदाला 100 एमबी वेग मिळाला तर 1 टीबी डिस्कला जवळजवळ पावणेतीन तास लागतात आणि पडताळणीला पुन्हा तेवढेच. जुन्या यूएसबी 2 पोर्टवरून सेकंदाला 30 एमबी मिळाले तर नुसत्या इमेजलाच नऊ तासांच्या वर जातात. पंच दुपारी चारला घरी जायला निघतात, तोवर अर्धी डिस्कही झालेली नसते. एवढा वेळ नसेल तर डिस्क सीलबंद करून जप्त करा आणि इमेज प्रयोगशाळेत घ्या. मुंबईत कलिना इथे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे आणि राज्यात तिच्या प्रादेशिक शाखा आहेत.

हॅश म्हणजे फाइलचा ठसा. आत एक बिट बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. एमडी5 आणि एसएचए-1 या पद्धतींत वेगवेगळ्या दोन फाइलींचा एकच ठसा बनवून दाखवला गेला आहे. एसएचए-1 च्या बाबतीत 2017 मध्ये. म्हणून एसएचए-256 घ्याच, जोडीला हवं तर एमडी5 ठेवा.

आता प्रिंटरकडे या. एसएचए-256 चा ठसा 64 चिन्हांचा असतो. तो पंचनाम्यात हाताने उतरवताना 8 च्या जागी बी आणि शून्याच्या जागी डी हमखास पडतो. मग न्यायालयात कागदावरचा ठसा आणि इमेजचा ठसा जुळत नाही आणि अख्खी डिस्क संशयात येते. ठसा छापून घ्या, कागद पंचनाम्याला जोडा आणि त्यावर दोन्ही पंचांच्या सह्या घ्या.

एसएसडी असेल तर आणखी जपा. पुसलेल्या फाइलींची जागा ही डिस्क वीज मिळताच आपल्या आपण साफ करत राहते आणि राइट ब्लॉकर तिला थांबवू शकत नाही. त्यामुळे त्याच एसएसडीची महिन्याभराने दुसरी इमेज घेतली तर ठसा वेगळा येऊ शकतो. बचाव पक्ष हे छेडछाड म्हणून मांडेल. उपाय असा, की पहिल्याच वेळी इमेजच्या दोन प्रती करा, एक सीलबंद ठेवा आणि पुढची सगळी तुलना तिच्याशी करा.

## 5. घड्याळं जुळवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण चुकीचा माणूस पकडला जातो तो इथल्या चुकीमुळे.

परदेशी सेवांचे लॉग बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपली वेळ त्यापुढे साडेपाच तास. लॉगमध्ये 10 तारखेला 19:00 ला लॉगिन दिसतंय, म्हणजे आपल्याकडे 11 तारखेचे रात्रीचे साडेबारा. तुम्ही इंटरनेट कंपनीकडे 10 तारखेच्या संध्याकाळी सातचा ग्राहक मागितलात, तर उत्तर येईल, नाव येईल, पत्ताही येईल. फक्त माणूस दुसराच असेल.

एकाच विंडोज यंत्रातही सगळी घड्याळं सारखी नसतात. एनटीएफएस डिस्कवरच्या फाइलींच्या वेळा यूटीसीत साठवल्या जातात, तर फॅट32 पेन ड्राइव्हवरच्या स्थानिक वेळेत, आणि बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने. पेन ड्राइव्ह पहिल्यांदा कधी जोडला हे सांगणारी ‘सेटअप एपीआय’ची लॉग फाइल स्थानिक वेळ लिहिते, रजिस्ट्रीतल्या नोंदी यूटीसीत असतात. हे सगळं एका तक्त्यात भारतीय वेळेत आणा आणि शेजारच्या रकान्यात मूळ वेळ जशीच्या तशी ठेवा.

यंत्राचं स्वतःचं घड्याळ पुढेमागे आहे का, हे जप्तीच्या वेळीच पाहायचं असतं. बायॉसमधली (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमधली) वेळ आणि त्या क्षणी फोनवर दिसणारी वेळ, दोन्ही पंचनाम्यात लिहा.

एक खूण इथे डोळ्यांत तेल घालून पाहा. फाइलची ‘तयार झाल्याची’ वेळ ‘बदलल्याच्या’ वेळेनंतरची दिसली, तर नवखा माणूस म्हणतो वेळ बिघडवली आहे. बहुतेक वेळा तसं नसतं. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की नव्या प्रतीला तयार झाल्याची वेळ नवी मिळते आणि बदलल्याची वेळ जुनीच राहते. शेकडो सोर्स फाइलींची ‘तयार’ वेळ राजीनाम्याच्या आदल्या रात्रीच्या त्याच चार मिनिटांत पडली असेल, तर अख्खा फोल्डर तेव्हा उचलला गेल्याचं ते चांगलं चिन्ह आहे.

## 6. गिट काय सांगतं आणि काय सांगत नाही

आज बहुतेक कोड गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) असतो, आणि गिटच्या नोंदीत लेखकाचं नाव, ईमेल आणि तारीख स्वच्छ दिसते. नवख्या तपास अधिकाऱ्याला वाटतं, झालं काम. पण ते नाव आणि ईमेल वापरणाऱ्याने स्वतःच्या यंत्रावर स्वतः टाइप केलेलं असतं. कोणीही कोणाचंही नाव टाकू शकतं. तारीखही हवी ती देता येते.

म्हणून असं जा:

दोन्ही तारखा पाहा. प्रत्येक कमिटला (नोंदवलेल्या बदलाला) लेखनाची तारीख आणि कमिट करण्याची तारीख अशा दोन वेगळ्या वेळा असतात. साध्या लॉगमध्ये एकच दिसते, ‘फुलर’ फॉरमॅट मागितला की दोन्ही दिसतात. लेखन 14 मार्चचं आणि कमिट 2 जूनचं असेल, तर मध्ये रीबेस (जुन्या कमिटची फेरमांडणी) किंवा दुरुस्ती झाली असू शकते, किंवा तारीख मागची घातली असू शकते. सोबतचा टाइमझोनही वाचा. पुण्यात बसलेल्या माणसाच्या कमिटवर +0530 सोडून दुसरं काही दिसलं तर कारण शोधा. कदाचित कोड कंटेनरमधून किंवा परदेशातल्या सर्व्हरवरून चढवला असेल.

सर्व्हरची नोंद मागा. कमिटमधली वेळ माणूस ठरवतो, पण पुश (कोड सर्व्हरवर चढवणं) कधी, कोणत्या खात्यातून आणि कोणत्या आयपीवरून आला हे सर्व्हर लिहितो. पुराव्याचं वजन या नोंदीत आहे.

साखळीचा उपयोग करा. प्रत्येक कमिटचा क्रमांक त्यातला मजकूर, नाव, तारखा आणि आधीच्या कमिटचा क्रमांक यांतून तयार होतो. जुन्या एका कमिटला हात लावला की पुढचे सगळे क्रमांक बदलतात. फिर्यादी कंपनीनेच इतिहास नंतर बदलला असा आरोप झाला, तर दुसऱ्या एखाद्या डेव्हलपरच्या लॅपटॉपवरचा जुना क्लोन (रिपॉझिटरीची प्रत) किंवा बिल्ड सर्व्हरचे जुने लॉग काढा. तिथे तेच क्रमांक असतील तर तो आरोप टिकत नाही.

‘ब्लेम’ जपून वापरा. ते फक्त त्या ओळीला शेवटचा हात कोणी लावला एवढं सांगतं. कोणी अख्ख्या प्रकल्पावर फॉरमॅटर चालवला असेल, तर हजारो ओळींचा ‘लेखक’ तोच दिसतो. मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करणारा आणि हलवलेल्या ओळी शोधणारा असे दोन्ही पर्याय लावूनच निष्कर्ष काढा.

सगळ्यात महागात पडणारी चूक: कंपनीने दिलेला क्लोन किंवा झिप पुरावा म्हणून घेणं. क्लोनमध्ये रीफ्लॉग (त्या यंत्रावरच्या हालचालींची नोंद) येत नाही, स्टॅश (बाजूला ठेवलेले अर्धवट बदल) येत नाही, यंत्रावरची सेटिंग येत नाही, आणि कुठल्याच शाखेला न जोडलेल्या सुट्या कमिटही येत नाहीत. कोणी काय पुसलं, काय मागे घेतलं हे नेमकं तिथेच असतं. ‘डॉट गिट’ फोल्डर डिस्कच्या इमेजमधून जसाच्या तसा घ्या. रीफ्लॉगची मुदत साधारण 90 दिवसांची असते, शाखेतून सुटलेल्या नोंदींची 30, तेव्हा उशीर परवडत नाही. तपासणीच्या प्रतीवरही गिटची साफसफाईची आज्ञा चालवू नका.

## 7. दोन कोडची तुलना

"दोन्ही कोड 60 टक्के सारखे" असा अहवाल देऊ नका. त्या आकड्याला स्वतःचा असा काही अर्थ नसतो.

स्टॅनफर्डचं मॉस किंवा कार्ल्सरूहचं जेप्लॅग अशी साधनं सारखेपणा शोधून देतात. पण त्याआधी गाळणी लावावी लागते. मुक्त स्रोत लायब्ररी, फ्रेमवर्कने आपोआप बनवलेल्या फाइली, सरकारी नमुन्यामुळे सारखीच येणारी नावं (जीएसटीच्या रिटर्नमधले रकाने सगळ्यांकडे तेच असणार), आणि ते काम करण्याचा एकच मार्ग असल्यामुळे सारखा झालेला भाग, हे सगळं बाजूला काढा. अमेरिकेत 1992 च्या कॉम्प्युटर असोसिएट्स विरुद्ध अल्ताय निकालात हीच रीत मांडली गेली: आधी थर वेगळे करा, मग गाळा, मग उरलेल्याची तुलना करा.

गाळून जे उरतं त्यात बरोबर चालणाऱ्या ओळींपेक्षा चुका जास्त बोलतात. दोन्हीकडे ‘रिसीट’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तीच दोन अक्षरं उलट पडली आहेत. दोन्हीकडे कधीही न चालणारी एकच फांदी आहे, जी फिर्यादी कंपनीच्या जुन्या ग्राहकासाठी लिहिली होती आणि आरोपीच्या कंपनीचा तो ग्राहक कधी नव्हताच. दोन्हीकडे रक्कम राउंड ऑफ करताना तीच एक पैशाची चूक होते. किंवा रोमन अक्षरांत लिहिलेली तीच मराठी टिप्पणी दोन्ही फाइलींत, त्याच फंक्शनच्या वर आहे: "इथे हात लावू नको, नंतर बघू". अशी सात-आठ ठिकाणं शेजारी शेजारी छापून, ओळीच्या क्रमांकासह अहवालात लावा. न्यायाधीशांना ते एका नजरेत कळतं.

लिहिण्याच्या लकबीवरून लेखक ओळखण्याचंही शास्त्र आहे. 2015 च्या एका संशोधनात स्पर्धेसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमवरून 1600 जणांमधून लेखक ओळखण्यात सुमारे 94 टक्के यश मिळालं होतं. पण तिथे संशयितांची यादी ठरलेली होती आणि प्रत्येकाचे खात्रीचे नमुने हाताशी होते. कंपनीतल्या कोडवर चार जणांचे हात फिरलेले असतात, फॉरमॅटर चालतो, आता एआयने सुचवलेल्या ओळीही असतात. म्हणून लकबीचा उपयोग दिशा मिळण्यापुरता करा, एकट्या तिच्यावर दोषारोपपत्र उभं करू नका. आणि तुलनेसाठी नमुना घ्यायचाच, तर तो माणूस एकट्याने लिहीत होता हे सिद्ध होईल असाच घ्या.

तुलना झाली तरी तीन प्रश्न विसरू नका. कोड सारखा आहे म्हणजे तो उचलला गेला, एवढंच कळतं. कोणी उचलला, हे अजून कळायचं आहे.

## 8. हातात फक्त चालणारी फाइल असेल तर

सोर्स कोड मिळत नाही, फक्त ईएक्सई मिळते, तेव्हा घिद्रासारख्या साधनाने ती उलगडता येते. घिद्रा मोफत आहे, अमेरिकेच्या एनएसएने ती 2019 मध्ये खुली केली. फाइलमध्ये राहून गेलेल्या खुणा पाहा: डीबग फाइलचा पूर्ण मार्ग (यात अनेकदा यंत्रावरच्या वापरकर्त्याचं नाव असतं), संदेशांचा मजकूर, कंपाइलरची (सोर्स कोडपासून चालणारी फाइल बनवणाऱ्या साधनाची) आवृत्ती, कंपाइल केल्याची वेळ.

या वेळेवर भाबडेपणाने विसंबू नका. जुन्या डेल्फी या कंपाइलरने बनवलेल्या असंख्य फाइलींवर 19 जून 1992 हीच तारीख असते. ती त्या साधनाची खोड आहे. काही कंपाइलर वेळेच्या जागी हॅशचा तुकडा भरतात आणि तो तारखेसारखा वाचला की भविष्यातलं साल निघतं.

खुणा मुद्दाम पेरल्याही जातात. 2018 मध्ये प्याँगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकवर ‘ऑलिंपिक डिस्ट्रॉयर’ नावाचा हल्ला झाला. त्या फाइलीतल्या कंपाइलरची माहिती देणाऱ्या ‘रिच हेडर’वरून तो उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या लाझारस या हॅकर गटाचा वाटत होता. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांनी दाखवलं, की हेडर जे सांगतो ते आतल्या कोडशी जुळत नाही. तो दुसऱ्या फाइलीतून उचलून चिकटवला होता. तुमच्याकडची खूण दुसऱ्या कोणत्या स्वतंत्र गोष्टीशी जुळते, हे विचारल्याशिवाय ती अहवालात घेऊ नका.

## 9. खात्यापासून माणसापर्यंत

1988 चा मॉरिस वर्म आठवा. तो सोडला गेला एमआयटीच्या संगणकावरून, आणि लिहिणारा रॉबर्ट मॉरिस शिकत होता कॉर्नेलमध्ये. यंत्राच्या मागे गेलं असतं तर तपास भलत्याच विद्यापीठात जाऊन थांबला असता.

माणसापर्यंत जाणारा पुरावा बहुतेक वेळा कोडच्या बाहेर असतो. पुशच्या वेळी तो इमारतीत होता का, हजेरीचं यंत्र काय म्हणतं? विंडोजच्या लॉगमधली 4624 ची (यशस्वी लॉगिनची) नोंद काढा आणि तिचा प्रकार पाहा: 2 म्हणजे यंत्रासमोर बसून, 10 म्हणजे दुरून रिमोट डेस्कटॉपने. "माझा लॅपटॉप दुसऱ्याने दुरून वापरला" या बचावाला उत्तर बरेचदा या एका आकड्यात मिळतं, आणि कधी कधी बचाव खरा निघतो. तोही तितक्याच प्रामाणिकपणे लिहा. त्याच काही मिनिटांत त्याच ब्राउझरमधून त्याचं बँकेचं किंवा खासगी ईमेलचं खातं उघडलं होतं का, तेही शोधा. पेन ड्राइव्हचा सिरियल नंबर आरोपीच्या घरी मिळालेल्या ड्राइव्हशी जुळतो का? शॉर्टकट फाइलींमध्ये त्या ड्राइव्हचा व्हॉल्यूम क्रमांक राहून जातो. तो जुळला तर कोणती फाइल ड्राइव्हवरून उघडली हेही कळतं.

पासवर्ड टीमभर वाटलेला होता का, हा प्रश्न फिर्यादीलाच विचारा, आणि पहिल्याच जबाबात विचारा. ‘अ‍ॅडमिन’ नावाचं एक खातं आणि पाच माणसं, अशी स्थिती असेल तर ती नंतर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उघड होण्यापेक्षा आत्ता कळलेली बरी.

## 10. कलम 63 चं प्रमाणपत्र

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65-बी च्या जागी आता कलम 63 आहे. प्रमाणपत्राचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत आहे आणि त्याचे दोन भाग आहेत: भाग ए यंत्राचा ताबा किंवा व्यवस्था ज्याच्याकडे आहे त्याने भरायचा, भाग बी तज्ज्ञाने. दोन्हीत हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे लिहावं लागतं. जुना एकपानी नमुना संगणकात पडून असेल तर काढून टाका.

जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी हे स्पष्ट केलं, की प्रतीवर विसंबायचं असेल तर प्रमाणपत्र लागतंच; मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं आणि मालकाने साक्ष दिली, तर त्याची गरज नाही. त्या प्रकरणात अधिकारी प्रमाणपत्र देत नव्हते. कोणी अडून बसलं तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं. म्हणून लेखी मागणी करा आणि पोच जपा.

प्रमाणपत्र प्रत्येक स्रोताचं वेगळं: रिपॉझिटरीच्या लॉगचं त्या अ‍ॅडमिनकडून, सीसीटीव्हीचं रेकॉर्डर सांभाळणाऱ्याकडून, हजेरीचं मनुष्यबळ विभागाकडून. सगळ्यांवर कंपनीच्या संचालकाने सही करणं सोपं पडतं, पण त्याने ती यंत्रं कधी हाताळलेलीच नसतात आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो.

## 11. मुद्देमालाची वाट

सील केल्यापासून न्यायालयात उघडेपर्यंत डिस्क कोणाच्या हातात होती, याचा तक्ता एकही दिवस मोकळा राहता कामा नये. ठाण्यातून प्रयोगशाळेत नेणाऱ्या शिपायाचं नाव, बक्कल नंबर, निघाल्याची आणि पोचल्याची वेळ, सील शाबूत होतं की नाही, हे सगळं त्यात हवं. सीलचा नमुना प्रयोगशाळेकडे वेगळा पाठवा.

प्रयोगशाळेला पत्र लिहिताना "डिस्क तपासून अहवाल द्यावा" एवढंच लिहू नका. प्रश्न नेमके विचारा: अमुक सिरियल नंबरचा ड्राइव्ह या यंत्राला अमुक ते अमुक तारखांत जोडला होता का, सोबत दिलेल्या यादीतल्या हॅशच्या फाइली या डिस्कवर आहेत का, पुसलेल्या जागेत सापडतात का, त्या वेळी कोणतं वापरकर्ता खातं चालू होतं. यादी छापील कागदावर आणि सीडीवर, दोन्ही द्या. प्रश्न मोघम असेल तर उत्तरही मोघम येतं, आणि पुरवणी प्रश्न पाठवले की फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी जाते.

अहवाल आला की त्यातला हॅश पंचनाम्याला जोडलेल्या छापील कागदाशी ताडून पाहा. पूर्ण 64 चिन्हं, आठ-आठच्या गटांत, एकाने वाचायची आणि दुसऱ्याने टिक करत जायची.